हरलेल्या संपाची मुले : एका जुन्या ध्वनिमुद्रिकेचा फेरविचार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. माझा विषय ऐकून ते म्हणाले, "भाऊ, हा आपल्या मंडळींना झेपेल का?" मी म्हटले, मला झेपला तर कोणालाही झेपेल. माझी शाळा दहावीला संपली. इंग्रजी मी वर्तमानपत्र आणि शब्दकोश पुढ्यात घेऊन शिकलो. संगीताचे म्हणाल, तर मोर्च्यातल्या डफापलीकडे माझी मजल नाही. असा मनुष्य आज आपल्यापुढे वेल्समधल्या चार पोरांनी १९९२ साली काढलेल्या एका रॉक ध्वनिमुद्रिकेवर बोलायला उभा आहे. त्या वाद्यवृंदाचे नाव मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स, आणि त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव जेनरेशन टेररिस्ट्स. ऐंशीच्या दशकापासून लोकप्रिय रॉक संगीताच्या ठरीव साच्याशी फटकून वागणारा जो एक प्रवाह निघाला, त्याला पर्यायी रॉक म्हणू लागले. हा वाद्यवृंद त्याच प्रवाहातला गणला जातो.

माझी आणि या ध्वनिमुद्रिकेची पहिली भेट चांगली झाली नाही. १९९४ च्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत एका सभासदाचा कॉलेजात जाणारा मुलगा संध्याकाळी टंकलेखनाला येई. परदेशातून कोणी नातेवाइकाने आणलेली एक कॅसेट त्याने मला कौतुकाने ऐकवली. "काका, ही खाणवाल्यांच्या गावची पोरं आहेत," तो म्हणाला. मी दहा मिनिटे ऐकले. गिटारींचा कल्लोळ, त्यावर ओरडल्यासारखा गळा. एक शब्द हाती लागेना. वेष्टनावर उघडी छाती, गळ्यात क्रूस आणि दंडावर गोंदण. मी त्याला विचारले, "यात खाण कुठे आहे? संप कुठे आहे?" त्याला उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "हा खात्यापित्या घरच्या पोरांचा गोंगाट आहे. बंद कर." त्याने बंद केली आणि पुन्हा कधी मला काही ऐकवले नाही. आज जे बोलणार आहे ते त्या मुलाला तेव्हा द्यायला हवे होते असे उत्तर आहे. उत्तर शोधायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते शोधण्यासाठी आधी त्या मुलांच्या गावी जावे लागले; पायांनी नव्हे, पुस्तकांतून.

ब्रिटनच्या पश्चिम अंगाला वेल्स हा छोटा देश. त्याच्या दक्षिणेस डोंगरांच्या घळींमधून कोळशाच्या खाणी पसरल्या होत्या. १९२० साली तेथे सुमारे दोन लक्ष सत्तर हजार माणसे खाणीत काम करीत. घळीच्या तळाला नदी, रेल्वे आणि खाणीचा पाळणा. वरच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा. गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. ब्लॅकवुड हे अशाच एका घळीतले गाव, आणि शेजारी ओकडेल येथे मोठी खाण.

या गावांची एक गोष्ट मात्र ध्यानात धरण्याजोगी आहे. जवळजवळ प्रत्येक खाणगावात कामगारांनी स्वतःच्या पैशाने एक इमारत उभी केली होती. तिला ते इन्स्टिट्यूट म्हणत. आठवड्याच्या मजुरीतून थोड्या पेन्या कापून घेतल्या जात आणि त्यातून सभागृह, बिलियर्डची खोली, वर्तमानपत्रांची खोली आणि वाचनालय चाले. अशी शंभराहून अधिक वाचनालये दक्षिण वेल्समध्ये होती. ओकडेलची इमारत १९१७ ची, ब्लॅकवुडची १९२५ ची. जवळच्या ट्रेडेगर गावी अन्यूरिन बेव्हन नावाचा खाणकामगाराचा मुलगा तेराव्या वर्षी खाणीत उतरला आणि गावच्या कामगार-वाचनालयातली पुस्तके वाचून शहाणा झाला. पुढे तो मंत्री झाला, आणि १९४८ साली ब्रिटनमध्ये सर्वांना मोफत उपचार देणारी जी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली ती त्याच्या हातून. दिवसभर कोळसा खणून आलेला माणूस रात्री डार्विन नाही तर मार्क्स घरी घेऊन जातो, ही त्या समाजात नवलाची गोष्ट नव्हती. आपल्याकडेही अण्णाभाऊ साठे शाळेत फार दिवस गेले नाहीत, आणि नारायण सुर्वे यांनी आपल्या १९६६ च्या काव्यसंग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. तेव्हा आपल्याला हे उमगावे.

१९८४ च्या मार्च महिन्यात सरकारी कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करून वीस हजार कामगार कमी करण्याचा बेत जाहीर केला, आणि ब्रिटनच्या खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला. तोवर दक्षिण वेल्समध्ये अठ्ठावीस खाणी आणि वीस-एक हजार कामगारच उरले होते. परंतु संपात सर्वांत अभंग राहिलेल्या मुलखांत त्यांची गणना होते. वर्षभर पगार नाही. बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली. आणि ३ मार्च १९८५ रोजी प्रतिनिधींच्या परिषदेने तडजोडीवाचून कामावर परतण्याचा ठराव केला. दोन दिवसांनी कामगार आपापल्या युनियनचे झेंडे घेऊन, पुढे वाजंत्री लावून खाणीवर गेले.

श्रोतेहो, येथे माझा आवाज थोडा बदलला तर क्षमा करा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. माझे वडील साचेखात्यात होते. अडीच लक्ष कामगारांचा तो संप कोणी रीतसर मागेही घेतला नाही. तो नुसता विरत गेला. आमच्या परतण्यापुढे वाजंत्री नव्हती. वडिलांना कामावर घेतले नाहीच. ते संध्याकाळी चाळीच्या कठड्याला टेकून गिरणीच्या बंद धुराड्याकडे पाहत बसत. त्या वेळी त्यांच्याशी काय बोलावे हे मला कळत नसे, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचा रागही येई. हरलेल्या संपाच्या घरात मूल म्हणून वाढणे ही एक वेगळीच शाळा आहे.

ज्या चार मुलांबद्दल मी बोलतो आहे ती त्याच शाळेतली. जेम्स डीन ब्रॅडफील्ड आणि निकी वायर १९६९ चे, माझ्याच वयाचे. शॉन मूर १९६८ चा. रिची एडवर्ड्स १९६७ अखेरचा. खाणकामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. सगळी खाणकामगारांची मुले होती असेही नाही. जेम्सचे वडील सुतार, रिचीचे वडील केस कापण्याचा व्यवसाय करणारे. पण खाणगावात खाण बुडाली की सुताराचे आणि न्हाव्याचेही दुकान बसते. ओकडेलची खाण १९८९ साली बंद झाली. चौघेही ओकडेलच्याच शाळेत शिकले. पुढे निकी आणि रिची स्वान्सीच्या विद्यापीठात राजकारण आणि राजकीय इतिहास वाचू लागले. जेम्स आणि त्याचा मावस-चुलत नात्यातला भाऊ शॉन यांनी वाद्यांची बाजू सांभाळली. पुढे कामाची वाटणीही अशीच राहिली. शब्द निकी आणि रिची यांचे, चाली जेम्स आणि शॉन यांच्या.

आता माझ्यासारख्या माणसाला वाटेल की अशा मुलांनी खाणीची गाणी गायला हवी होती. त्यांनी नेमके ते टाळले. त्यांनी उचलला तो अमेरिकेतल्या भपकेबाज रॉकचा बाज : गडगडाटी गिटार, रंगवलेले डोळे, बायकी वाटणारे कपडे. आणि वर प्रतिज्ञा केली, की आमची पहिलीच ध्वनिमुद्रिका एक कोटी साठ लक्ष खपेल, आणि मग आम्ही वाद्यवृंद मोडून टाकू. लोक हसले. मी मात्र ही प्रतिज्ञा दुसऱ्यांदा वाचली तेव्हा हसू शकलो नाही. "ही शेवटची लढाई, एक तर सर्व मिळवू नाही तर सर्व गमावू" असे म्हणणारी भाषणे मी गेटवर ऐकली आहेत आणि केलीही आहेत. ज्यांनी लहानपणी फक्त मोठा पराभव पाहिला, त्यांना छोटा विजय म्हणजे काय हे ठाऊकच नसते.

ध्वनिमुद्रिका १० फेब्रुवारी १९९२ रोजी बाहेर पडली. तीत अठरा गाणी आणि सुमारे त्र्याहत्तर मिनिटांचा ऐवज आहे. म्हणजे पहिल्याच घासाला दोन तबकड्यांचे ताट. एका गाण्याचे शीर्षक म्हणजे ब्रिटनच्या चार मोठ्या बँकांची नावे एकापुढे एक : नॅटवेस्ट, बार्कलेज, मिडलंड्स, लॉइड्स. कर्ज देऊन माणसाला गुलाम करणारी सत्ता आता मालकाच्या बंगल्यात राहत नाही, ती रस्त्यावरच्या बँकेच्या काचेआड बसते, हा त्यातला आशय. तेविसाव्या वर्षी बँकेवर गाणे रचणारे किती जण सापडतील? सोळा वर्षांनी, २००८ च्या ऑक्टोबरात, यांपैकी लॉइड्सला आणि नॅटवेस्टची मालक असलेल्या बँकेला ब्रिटिश सरकारने जनतेच्या पैशातून वाचविले. खाणी वाचवायला पैसा नाही असे सांगणाऱ्या देशाने बँका वाचविल्या, हा इतिहास त्या गाण्यानंतरचा आहे. पण ते गाणे आज ऐकताना तो आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरे गाणे मोटरसायकल एम्प्टिनेस. सहा मिनिटांचे, आणि सर्व संग्रहात माझ्या कानाला सर्वांत गोड. गिटारीची एक स्वरावली सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा फिरून येते आणि तिच्यामागे तंतुवाद्यांचा पडदा आहे. माणसाला स्वातंत्र्याच्या नावाने वस्तू विकल्या जातात आणि मन रितेच राहते, ही त्याची तक्रार. त्याचे चित्रीकरण जपानात झाले. झगमगत्या दिव्यांच्या गर्दीत हे तरुण हरवल्यासारखे उभे दिसतात. तिसरे लिटल बेबी नथिंग. ट्रेसी लॉर्ड्स या अमेरिकी नटीला त्यांनी गायला बोलावले. अश्लील चित्रपटांच्या धंद्याने तिला कोवळ्या वयातच वापरून घेतले होते, आणि पुरुषांनी वापरलेल्या बाईची व्यथा तिच्याच तोंडून यावी हा हेतू होता. राजघराण्यावर तोफ डागणारे एक गाणे तर त्यांनी दोन निरनिराळ्या रूपांत घातले आहे.

दोष आहेत, आणि ते लपवून मी आपली फसवणूक करणार नाही. अठरांपैकी सहा-सात गाणी गाळली असती तर संग्रह बळकट झाला असता. शब्द इतके दाटीने भरले आहेत की गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही; चालीत ते कोंबावे लागले आहेत. आणि कामगार म्हणून मला सर्वांत खुपलेली गोष्ट ही, की वाद्यवृंदात शॉन मूरसारखा ढोलवादक असताना या ध्वनिमुद्रिकेवर ढोलाचा ताल बहुतांशी यंत्रावर बसविलेला आहे. अमेरिकेच्या रेडिओवर चालेल असा घोटीव आवाज हवा होता, म्हणून माणसाच्या हाताची जागा यंत्राने घेतली. भांडवलशाहीवर तुटून पडणाऱ्या गाण्यांना ताल मात्र त्या यंत्राचा. मी हे कळल्यावर बराच वेळ विचार करीत बसलो. पण मग वाटले, आमच्या युनियनची पत्रके तरी कोणाच्या यंत्रावर छापली जातात? बाजारात उभे राहून बाजाराविरुद्ध बोलणाऱ्याचा हा पेच जुना आहे. त्या पोरांनी तो सोडविला नाही. निदान तो उघड्यावर ठेवला.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९१ च्या मे महिन्यात नॉरिच येथे एका पत्रकाराने त्यांच्या खरेपणाविषयी शंका घेतली, तेव्हा रिचीने त्याच्यासमोर स्वतःलाच जखमी करून घेतले. पुष्कळांनी त्याचे कौतुक केले, त्याला दंतकथा केले. मला ते करवत नाही. कारखान्याच्या गेटवर स्वतःला पेटवून घेईन म्हणणाऱ्या कामगाराच्या उशाशी मी रात्र काढली आहे. आपण खरे आहोत हे सिद्ध करण्यासाठी माणसाला स्वतःच्या शरीराखेरीज दुसरा पुरावा उरू नये, ही त्याची थोरवी नव्हे. ती भोवतालच्यांची चूक असते. अशा वेळी कोणीतरी जवळ बसावे लागते.

प्रतिज्ञेचे काय झाले? ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढली. एक कोटी साठ लक्षाच्या जवळपासही खप गेला नाही, आणि वाद्यवृंदही मोडला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हुजूर पक्ष लागोपाठ चौथी निवडणूक जिंकला, आणि ऑक्टोबरात आणखी एकतीस खाणी बंद करण्याची घोषणा झाली. अशा वर्षात ही गाणी निघाली, हे विसरून त्यांचे मोल करता येणार नाही.

मी ती पुन्हा का ऐकली, तेही सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटी पोरांची सभा घ्यायला गेलो होतो. वीस-बावीस वर्षांची मुले, कानात बोंडे घालून भिंतीला टेकलेली. माझे भाषण कोणी ऐकत नव्हते. मला राग आला, आणि त्याच क्षणी १९९४ ची ती संध्याकाळ आठवली. भाषण थांबवून मी जवळच्या मुलाला विचारले, "बाळा, काय ऐकतोस?" तो बिचकला, पण त्याने एक बोंडे काढून माझ्या हातात दिले. ते गाणे मला कळले नाही, पण त्या दिवशी सभा झाली. घरी येऊन मी मुलीला सांगून जेनरेशन टेररिस्ट्स फोनवर लावून घेतली, आणि या वेळी वेष्टनावरचा मजकूरही वाचून घेतला.

आणि तेथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. त्या वेष्टनावर गाण्यांसोबत एकेका लेखकाचे वचन छापले आहे. सिल्विया प्लाथ, काम्यू, नीत्शे अशी नावे त्यांत आहेत. १९९४ मध्ये मला ही विद्येची मिरवणूक वाटली असती. आता तीच नावे वाचताना डोळ्यांपुढे ट्रेडेगरचे वाचनालय उभे राहिले. खाण कुठे आहे, असे मी विचारले होते. खाण त्या नावांत आहे. ज्या गावात पेनी-पेनी जमवून पुस्तके विकत घेतली, त्या गावाचा समज असा की जगातले सर्वांत कठीण पुस्तकही आपल्यासाठीच लिहिलेले आहे. खाण गेली, पगार गेला, युनियनची ताकद गेली. पण हा समज त्या पोरांत शिल्लक होता. बापांनी केलेल्या संपाचे गाणे त्यांनी गायले नाही. बापांचा वाचण्याचा हक्क मात्र त्यांनी सोडला नाही, आणि तो गिटारी घेऊन बाजाराच्या मध्यभागी नेऊन उभा केला.

हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. पुढचा इतिहास त्याला साक्ष आहे. १९९५ च्या फेब्रुवारीत रिची एडवर्ड्स बेपत्ता झाला. तो सापडला नाही. २००८ साली कायद्याने त्याला मृत धरण्यात आले. राहिलेल्या तिघांनी त्याचा मिळकतीचा वाटा वेगळा काढून ठेवण्याची रीत पाळली. बेपत्ता सोबत्याचे नाव हजेरीपटावरून न खोडणे, हा संस्कार युनियनच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९९६ साली तिघांनी अ डिझाइन फॉर लाइफ हे गाणे काढले. कामगारवर्गाचा स्वाभिमान आणि ग्रंथालय हेच त्याचे विषय, आणि ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत जे वेष्टनावर छापले होते ते चार वर्षांनी गाण्यात उतरले. २००९ साली कार्डिफ शहराचे नवे मध्यवर्ती ग्रंथालय उघडले, तेव्हा उद्घाटनाला याच वाद्यवृंदाला बोलावले होते.

तथापि येथे टाळ्या वाजवून थांबणे बरे नाही. त्या शंभर वाचनालयांपैकी बहुतेक आज नाहीत. अनेक ठिकाणची पुस्तके मातीमोलाने विकली गेली. जी वाचली त्यांतून १९७३ साली स्वान्सी येथे दक्षिण वेल्स खाणकामगार ग्रंथालय उभे राहिले. ओकडेलची इमारत तर दगड-दगड सुटी करून संग्रहालयात नेऊन बांधली आहे. तेथे ती १९९५ पासून पाहायला मिळते. पाहायला, वापरायला नव्हे. आमच्या चाळीतही तळमजल्यावर एक वाचनालय होते. जागा विकली गेली तेव्हा पुस्तके रद्दीत गेली. मी एक पत्र्याची पेटी भरून घरी आणली, तेवढीच.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. आपली मुले आपली गाणी गात नाहीत म्हणून आपण त्यांच्यावर रुसतो. वेल्सच्या त्या पिढीनेही बापांची गाणी गायली नाहीत. पण त्यांच्या हाताशी बापांनी पुस्तके ठेवलेली होती, म्हणून त्यांच्या गोंगाटात अर्थ भरला. आपण आपल्या मुलांच्या हाताशी काय ठेवले आहे, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. त्या टंकलेखक मुलाचा आज मला पत्ता नाही. पण ती पेटी मी परवा युनियनच्या कचेरीत नेऊन उघडली आहे, आणि शनिवारी संध्याकाळी तेथे काही कंत्राटी पोरे येऊन बसतात. त्यांच्या कानांत बोंडे असतात. मी ती काढायला सांगत नाही.